धुराची लाज

मित्रांनो, आपली कहाणी सांगावी इतकी मी मोठी आहे का, याची मला खात्री नाही. मी एक जुनी मोटारसायकल आहे. 'चंडोल' हे माझ्या कंपनीने ठेवलेले नाव. जिंतूर तालुक्यातल्या एका गावात, पत्र्याच्या शेडखाली, कडब्याच्या पेंढ्यांशेजारी मी उभी असते. दुपारी माझ्या सीटवर एक कोंबडी येऊन बसते.

माझे इंजिन बनवताना कारागिरांनी त्याच्या पोटात दोन जड चाके बसवली होती. त्यामुळे मी पळायला कधीच चपळ नव्हते. पण पाठीवर ओझे घेऊन चढावर कितीही सावकाश गेले, तरी अडखळत नसे. एवढा एकच गुण माझ्यात होता. दोष मात्र पुष्कळ. मला पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळून द्यावे लागे, नाहीतर आतले भाग कोरडे पडून घासत; आणि ते ऑइल जळाले की मागे निळा धूर सुटे.

माझे मालक भुजंगराव जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक, म्हणजे डॉक्टरांचे मदतनीस, होते. लसीची बर्फाची पेटी माझ्या कॅरिअरला बांधून ते माळामाळाने हिंडत आणि मेंढरांना सुया टोचत. मेंढपाळांपैकी बायनाबाई लांबूनच हसत ओरडत, "भुजंगदादा, गाडी हाय का खोकला? सुई टोचायला येता का दवंडी पिटायला?" भुजंगराव लाजून मान खाली घालत. त्यांना लाजायला फार थोडे कारण पुरे.

पुढे माझी कंपनी बंद पडली. भुजंगराव निवृत्त झाले. त्यांनी मला विकले नाही, की कुणा नवख्या हातात दिले नाही. त्यांच्याइतकी काळजी कुणी घेतली नसेल. म्हणूनच पुढचे सांगताना मला अवघड वाटते.

दोन वर्षांपूर्वी बातमी आली की चंडोल पुन्हा निघणार. नाव जुने, इंजिन नवे. पेट्रोलमध्ये ऑइल नको आणि धूरही नाही. ते इंजिन रचणाऱ्यांमध्ये मंजुषा नावाची एक इंजिनिअर होती, मूळची गंगाखेडची. तिचा भुजंगरावांना फोन आला. जुन्या कारखान्यातले नकाशे नष्ट झाले होते. जुन्या चंडोल अनेकांकडे होत्या, पण त्यांच्या इंजिनांत भलतेच सुटे भाग घुसले होते. मूळ इंजिन, तेही चालू स्थितीत, असे तिला एकच सापडले होते. माझे! मी चढावर किती सावकाश ओढते ते तिला मोजायचे होते. आकडे पटले, तर नव्या इंजिनातही तशीच जड चाके बसणार होती.

म्हणजे माझे एक अंग पुन्हा जन्माला येणार होते. मला ते खरे वाटेना.

मंजुषा येणार त्या सकाळी भुजंगराव पेट्रोलचा कॅन आणि ऑइलचे माप घेऊन शेडमध्ये आले. मागोमाग त्यांच्या पत्नी कमलबाई आल्या.

"बाईमाणूस पाव्हणी येणार, अन् तुमी तिच्या तोंडावर धूर सोडणार?" त्या म्हणाल्या. "मागं माझ्या वाळवणावर काजळी बसली, तवा आठ दिस कुरडया पुसायलते मी."

"आगं, गाडीच तशी हाय."

"गाडीला लाज न्हाई, तुमाला तर हाय ना?"

त्या हसत निघून गेल्या. भुजंगराव मापाकडे बघत राहिले. चढावर एकच फेरी तर मारायची आहे, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी माझ्या टाकीतले जुने मिश्रण काढले, ताजे पेट्रोल भरले आणि ऑइल नेहमीच्या निम्म्याहूनही कमी घातले.

मंजुषा आली. तिने माझ्या अंगाला बारीक तारा जोडल्या. मी पहिल्या किकला सुरू झाले.

"वा, काका! धूर तर नावालाच आहे," ती म्हणाली. "काय जपलंय तुम्ही हिला!"

भुजंगरावांचा चेहरा उजळला. त्या स्तुतीनंतर खरे सांगणे त्यांना जड गेले असणार.

"आता खंडोबाच्या चढावर जाऊ. मी मागं बसते, पुढं पेंडीचं पोतं घ्या. तीन फेऱ्या लागतील."

"तीन?"

"हो. काही अडचण आहे का, काका?"

मित्रांनो, "थांबा, थोडं ऑइल घालतो" एवढे म्हटले की पुरे होते. भुजंगरावांनी तोंड उघडले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "न्हाई, न्हाई. अडचण कसली!"

पहिल्या फेरीत मी माणसाच्या चालीने चढ चढले. वर पोचताच मंजुषा ओरडली, "काका, हे बघा! एवढ्या सावकाश आमचं एकही इंजिन ओढत नाही. असेच आकडे आणखी दोनदा आले, की हलकी चाकं हवीत म्हणणाऱ्या सगळ्यांना मी गप्प करते."

दुसऱ्या फेरीत माझे इंजिन भलतेच तापले. आवाज कोरडा पडला. भुजंगरावांना तो बदल कळला. त्यांची बोटे क्लचकडे गेली. पण ते थांबले नाहीत. अर्ध्या चढावर पिस्टन सिलिंडरला चिकटला आणि मागचे चाक जागीच अडकले. दोघे पडता पडता वाचले.

मला ढकलत घरी आणले. मिस्त्री महारुद्र यांनी इंजिन उघडले, आत बोट फिरवले आणि विचारले, "दादा, ऑइल किती टाकलं व्हतं?"

भुजंगरावांनी मंजुषाकडे ओझरते पाहिले. "नेहमीएवढंच," ते म्हणाले.

महारुद्र यांनी आपले कोरडे बोट पुन्हा एकदा पाहिले. माझ्या मापाचा पिस्टन कुठेच मिळाला नाही. आठ दिवसांत नवे नकाशे कायम व्हायचे होते, आणि एका फेरीच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवला नाही. नव्या इंजिनात हलकी चाके बसली.

गेल्या हिवाळ्यात मंजुषा नवी चंडोल घेऊन आली. गाडी देखणी आहे, एका बटणाने सुरू होते. भुजंगराव तिच्यावरून चढाला जाऊन आले.

"गिअर उतरवावा लागला?" तिने विचारले.

"लागला. जुनीला कधी लागत नव्हता," ते म्हणाले. मग किल्ली तिच्या हातात देऊन त्यांनी ऑइलची गोष्ट सांगितली. "तुमच्यापुढं धूर नको म्हणून, मॅडम. अन् मग खोटं बोललो."

मंजुषाने मान खाली घातली. "धूर कमी दिसला तेव्हाच मला शंका आली होती, काका. पण तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला ऑइलचं काय विचारायचं, म्हणून मी गप्प बसले."

दारातून कमलबाई म्हणाल्या, "आता दोघंबी तोंडं पाडून बसा. चहा निवायलाय तिकडं." पण त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, त्यांना जपा, असे मी तुम्हाला सांगणार होते. पण भुजंगरावांनी ते सारे केलेच होते. म्हणून एवढेच सांगते: आपल्या जुन्या वस्तूला किंवा म्हाताऱ्या माणसाला जे लागते, ते पाहुण्यांसमोर लाजून कमी करू नका. आणि कमी केलेच, तर वेळेवर बोला.

दोष मी एकट्या भुजंगरावांना देत नाही. पहिल्या फेरीनंतरची ती स्तुती मलाही गोड लागली होती. दुसऱ्या चढावर मी आधीच अडखळले असते, तर ते थांबले असते. पण मला तेव्हाही चांगलेच दिसायचे होते.