माझ्या इंजिनाचं गाऱ्हाणं

मी एक लाल स्पोर्ट्स कार आहे, मित्रांनो. जुनी म्हणावी इतकी म्हातारी नाही, नवी म्हणावी इतकी कोरीही नाही. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पुण्याच्या पहिल्या मालकाकडून गुरुप्रसादने मला देवबागला आणलं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधून जेमतेम माझ्यापुरता रस्ता! गुरुप्रसाद पर्यटकांना होडीतून संगमावर नेतो. होडीवर घर चालतं, माझ्यावर नुसती हौस.

माझ्या पोटात आठ सिलिंडर आहेत. चाल सावकाश असली की त्यांतले चार आपोआप विसावतात आणि पेट्रोल वाचतं. सप्ताहात मी देवळाबाहेर उभी राहून पुष्कळ कीर्तनं ऐकली आहेत. बुवा निरूपणाला लागले की टाळकरी टाळ छातीशी धरून गप्प उभे राहतात. ते काही घरी जात नाहीत. गजर आला की पुन्हा एका ठेक्यात! माझे चौघेही तसेच. पण गुरुप्रसादला ती शांतता सोसवेना. "मधीच मुकी होता ही!" असं म्हणून त्याने स्टिअरिंगखाली एक डबी खोचली. चौघांची विश्रांती संपली. माझा आवाज सलग घुमू लागला. रस्त्यावरची माणसं वळून बघत, त्याची छाती फुगे.

मग एके दिवशी माझ्या कुशीत टकटक सुरू झाली. दिवसेंदिवस ती वाढतच गेली. गुरुप्रसादच्या तोंडचं पाणी पळालं. कंपनीची वॉरंटी अजून होती, पण ही डबी कंपनीची नव्हती. ती पाहून वॉरंटी नाकारली, तर इंजिनापायी होडी विकावी लागणार! मला न्यायला कंपनीच्या वर्कशॉपचा ट्रक यायचा होता, त्या सकाळी त्याने डबी काढून खिशात घातली.

ट्रकबरोबर अक्षदा नावाची इंजिनीयर आली. गुरुप्रसादच्या आईने, शेवंतीकाकींनी, तिला चहा दिला आणि म्हटलं, "वायच थांब गो. गाऱ्हाणा घालूया, मगे ने." आमच्याकडे मोठं काम निघालं की गावचा जाणता माणूस देवाला सगळं खुलं करून सांगतो. वाडीतले चार लोक जमले. गावचे जाणते लवूआबा, त्यांनी माझ्यापुढे नारळ धरला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराच्या गाडयेक दुखणा इला हा, ता बरा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"कोणाची वाकडी नजर लागली आसात, तर ती दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्येणा तिका जी डबी लावल्यान हुती, नि आज काढून खिशात घातल्यान हा, ती कंपनीच्या मान्साक दिसाक नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे ओरडले. आणि मग एकमेकांकडे बघू लागले.

गुरुप्रसादचा हात खिशावर गेला. "आबा, ह्या कित्याक सांगितलात?"

"देवाक अर्धा गाऱ्हाणा चलत नाय रे! तूच सांगलंस ना माका?"

अक्षदाने कप खाली ठेवला. "मी खारेपाटणची आसंय," ती हळूच म्हणाली. "गाऱ्हाणा माका कळता."

"काढ ती डबी," आई म्हणाली.

"आये, होडी जायत गो!"

"गेली तर जांवदे. खोटा बोलणाऱ्या तांडेलाच्या होडयेत बसतलो कोण?"

त्याने डबी अक्षदाच्या हातावर ठेवली. त्याला धीर द्यायला, मित्रांनो, मला साधा हॉर्नसुद्धा आपणहून वाजवता येत नव्हता.

कोल्हापूरच्या वर्कशॉपमध्ये माझं इंजिन उघडलं. गुरुप्रसाद काचेपलीकडे उभा होता, ओठांवर देवाचं नाव. अक्षदाने एकेक भाग पुसून पाहिला. विसावणाऱ्या चारही सिलिंडरांत काही सापडेना. मग तिने बोटाएवढा एक लिफ्टर बाहेर काढला. झडप उचलणारा तुकडा तो. त्याचं चाक झिजून वेडंवाकडं झालं होतं. ती काचेबाहेर आली.

"हा कधीच न विसावणाऱ्या सिलिंडरातला आहे. डबीचा त्याच्याशी संबंध नाही, भाग मुळातच कच्चा होता. दुरुस्ती वॉरंटीत होईल."

गुरुप्रसादने जागच्या जागी देवाला हात जोडले.

"पण एक सांगते," ती पुढे म्हणाली. "डबी काढली तरी गाडीच्या संगणकात तिची खूण राहते. तुम्ही लपवली असतीत, तर ती खूण बघून आमच्या साहेबांनी नकार दिला असता. मला इंजिन उघडूच दिलं नसतं."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नाही. आमच्या वतीने तुम्हालाच बोलावं लागतं. आमच्यात काही फेरबदल करण्याआधी जाणत्याला विचारा, वॉरंटीत काय बसतं ते बघा. आणि झाली असेल चूक, तर दुरुस्त करणाऱ्याला ती आधी सांगा. दुखणं कुठे आहे ते त्याला शोधू द्या. तुमचं लपवलेलं शोधण्यात त्याचा जीव जाऊ नये.