पांढऱ्या थराखालची हेल्मी

मी सातवीच्या चित्रकलेच्या वर्गातला ब्रश बोलतोय. तीन बोटं रुंद, चपटा, ताठ केसांचा. माझ्या केसांच्या बुडाशी पांढरा रंग दगडासारखा बसलाय. तो कसा बसला हे सांगायची लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय चैनही पडत नाही.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवते ती फिनलंडच्या किनाऱ्यावरची ही छोटी शाळा आणि मला अंगठ्यानं चाळवून बघणाऱ्या रित्वाबाई. मुलं त्यांना नुसतंच रित्वा म्हणत.

बाईंची तऱ्हा न्यारी. ॲक्रिलिकच्या बाटल्या टेबलावर मांडायच्या आणि म्हणायच्या, "काय होतंय ते करून बघा." मग कुणी ओल्या रंगावर मीठ टाकी, कुणी काट्यानं ओरखडे काढी. एका गुरुवारी ऑन्नीनं रंगात जेवणातलं वाटाण्याचं सूपच कालवलं.

"रित्वा, हे वाळेल ना गं?"

"वाळेल. वास कधी जाईल ते मात्र मला विचारू नकोस."

बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. "ॲक्रिलिकमध्ये चूक नसतेच. वाळू द्या, वर पांढरं फिरवा, पुन्हा सुरू करा." ते पांढरं फिरवायचं काम माझं, आणि मला त्याचा केवढा तोरा होता.

हेल्मी वर्गातली सर्वांत अबोल मुलगी. हिवाळाभर ती एकाच फळीवर खपत होती. कॉफीचा चोथा रंगात मिसळून तिनं किनारा केला, अंड्याच्या टरफलांचा बर्फ केला आणि बाटलीचं झाकण दाबून, गोठलेल्या समुद्रात मासे धरायला पाडतात तसं भोक पाडलं. भोकापाशी जाड रंगाचा एक गोळा बसवला.

"हा बटाटा कोण?" ऑन्नीनं विचारलं.

"माझे आजोबा. त्यांना आता दिसत नाही. बोटांनी बघता येईल असं करतेय. कुणाला सांगू नकोस."

"आणि तू कुठेयस?"

तिनं विणकामाच्या सुईनं गोळ्याला अगदी खेटून, ओल्या रंगात एक बारीक मुलगी कोरली. "ही बघ."

"मागे नाव टाक, नाहीतर रित्वा फळी घेईल."

"पुढे मी स्वतः उभी आहे की," हेल्मी म्हणाली.

शाळेचं वर्ष मे महिन्याच्या शेवटी संपतं. बिननावाच्या फळ्या पांढऱ्या करून पुढच्या वर्गासाठी ठेवायच्या, हा बाईंचा नियम. फळ्या पांढऱ्या करायच्या दिवशी हेल्मी तापानं घरी होती. बाईंनी फळी उलटून पाहिली, नाव नव्हतं. मला रंगात बुडवलं.

माझ्या केसांना सगळं कळत होतं. टरफलं लागली, भोक लागलं, आजोबा लागले. मग त्या कोरलेल्या मुलीचा बारीक चर लागला. मी एक केस सोडला असता तरी चाललं असतं. गळलेला केस नखानं काढायला बाई नेहमी थांबायच्या, तेव्हा कदाचित त्यांना ती दिसली असती. पण मी झोकात होतो. चर मी काठोकाठ भरला.

तेवढ्यात ऑन्नी दप्तर न्यायला आला आणि दारातच थिजला. त्यानं सगळं सांगितलं. बाईंनी ओलं फडकं फिरवलं, पण रंग धरला होता. मी टेबलावर पडून होतो. मला धुवायचं कुणाला सुचलं नाही आणि सुचायलाही नको होतं.

शनिवारी वर्षाचा निरोप समारंभ झाला. हेल्मी आजोबांना हाताला धरून वर्गात घेऊन आली. बाईंनी तिची माफी मागितली. तिनं आजोबांना फळीपाशी नेलं. ऑन्नी पुटपुटला, "आजोबांना पांढरं काय नि निळं काय, हाताला तर लागतंय."

म्हाताऱ्याची बोटं फळीवर हळूहळू सरकली. "हा आपला किनारा. हे भोक. आणि हा जाड्या मी." ते हसले. बोटं गोळ्याभोवती दोनदा फिरली. "तू कुठे आहेस गं? मी एकटा कधी बसलो होतो?"

हेल्मीनं टेबलावरचं कर्कटक उचललं आणि वाळलेल्या पांढऱ्यात टोक रुतवून, अंदाजानं, स्वतःला पुन्हा कोरलं. मग त्यांचं बोट तिथे नेऊन ठेवलं.

"हां, सापडलीस," आजोबा म्हणाले. पुन्हा बोटांनी अंतर मोजलं, दोन बोटं भरलं. "पण एवढी लांब का उभी आहेस?"

आता दर ऑगस्टला बाई मला नव्या सातवीसमोर धरतात. 'चूक नसतेच' हे वाक्य त्या आता म्हणत नाहीत. "फळी उलटून नाव बघा, आणि समोरूनही एकदा हात फिरवा," एवढंच सांगतात. मुलं माझ्या घट्ट झालेल्या केसांवर बोट फिरवतात आणि पुढे जातात. बाळांनो, तेवढं खरंच करा. हेल्मी आणि आजोबांमधलं ते दोन बोटांचं अंतर मी पाडलेलं आहे.