आडवा पडणारा माणूस

“एक तर चकतीपुढे पूर्ण आडवा पड, नाही तर बाजूला हो. मध्येच अर्धवट उभा राहिलास तर आपल्याच गोलकीपरला आंधळा करशील.”

हॉकी शिकवणाऱ्या गेझा मास्तरांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. पण व्हेंदेलिन दाढी करायला आरशासमोर उभा राहिला की तो घोगरा आवाज अजून कानाशी यायचा.

आडवं पडण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. एकोणीस हंगाम तो बर्फावरची हॉकी खेळला, मधले दोन हिवाळे फिनलंडात, बाकी सगळे तात्रा डोंगरांखालच्या याच गावच्या संघातून. एवढ्या वर्षांत गोल केले अकरा, त्यातले नऊ चुकून झाले असं त्याची बायको एतेला म्हणायची. मात्र बर्फावरून सुसाट येणारी ती रबराची चकती त्याने पोटऱ्यांवर घेतली, बरगड्यांवर घेतली, एकदा तर जबड्यावर घेतली. सात दात गेले. डावा गुडघा तीनदा उघडून पुन्हा शिवला. कुठली खूण कुठल्या हिवाळ्यातली, हे त्याच्यापेक्षा एतेलाला जास्त पाठ होतं, आणि गंमत म्हणजे तिने एकही सामना धड पाहिलेला नव्हता. शेवटच्या रांगेत डोळे मिटून ती जपमाळ ओढत बसायची. लोक ओरडले की शेजारणीला विचारायची, “उठला का गं?” उठला म्हटलं की पुढचा मणी.

आता येत्या रविवारी त्याची पाच नंबरची जर्सी स्टेडियमच्या छताला कायमची टांगणार होते. व्हेंदेलिनची साठी उलटल्यावर संघाला आठवण झाली होती. एतेला शर्टाला इस्त्री करत होती आणि तो टेबलाशी बसून भाषणाचा कागद तिसऱ्यांदा चुरगाळत होता, तेवढ्यात बुटांवरचं बर्फ उंबऱ्यावर आपटत ब्लाझेय आत आला. हा बारा वर्षं त्याच्या मागे उभा राहिलेला गोलकीपर. आता स्टेडियममध्ये बर्फ सपाट करायची गाडी चालवायचा.

“काय रे, टांगणार म्हणे तुला?”

“जर्सी टांगणार. मी खालीच असणार.”

“अरेरे. तुलाच टांगलं असतं तर निदान मला पुढचं दिसलं असतं.”

एतेला हसली. व्हेंदेलिन हसला नाही. एकतीस वर्षांत ब्लाझेयने त्या गोष्टीला पहिल्यांदाच बोट लावलं होतं.

अंतिम सामना, शेवटचं मिनिट, बरोबरी. लांबून फटका आला. दोनच दिवसांपूर्वी व्हेंदेलिनच्या गुडघ्याला टाके पडले होते, आणि पापणी लवेल एवढाच वेळ त्याला भीती वाटली. तो आडवा पडला नाही, बाजूलाही झाला नाही. चकती त्याच्या कमरेला घासून मागे गेली. मागे ब्लाझेय होता, त्याला दिसला तो फक्त व्हेंदेलिनचा पाच नंबर. चषक गेला आणि गावाने सगळं खापर ब्लाझेयच्या डोक्यावर फोडलं. तो एवढंच म्हणाला, “मला दिसलाच नाही.” पुढे ब्र काढला नाही. त्यांच्यात तशी रीतच होती. गोलकीपर आपल्या बचाववाल्याचं नाव कपडे बदलायच्या खोलीबाहेर नेत नाही, बचाववाल्यानेच ते आपण होऊन सांगायचं. व्हेंदेलिन उद्या सांगणार होता. मग परवा. मग गावाला ती गोष्ट इतकी पाठ झाली की तोंड उघडायला जागाच राहिली नाही.

“रविवारी माइकवर सांगणार आहे मी,” तो आता कागदाकडे बघत म्हणाला.

“काही नको. गावातला न्हावी मला त्या गोलावरून चिडवतो आणि दाढी फुकट करतो. माझी सोय का मोडतोस?” ब्लाझेय खुर्चीत टेकला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “रविवारचं सोड. आज शुक्रवार, आजचं बघ. आई गेल्या शुक्रवारी चर्चमध्ये घेरी येऊन पडली.”

“झोफियामावशी?” एतेलाने इस्त्री उभी केली. “भाऊजी, मला कळवायचं नाही का!”

“ती सांगू देईल तर ना, वहिनी. डॉक्टर म्हणाले, सत्त्याऐंशीव्या वर्षी उपास बंद. ती ऐकत नाही. दर शुक्रवारी नुसता कोरडा पाव आणि पाणी.”

“उपवासाचे शुक्रवार आपण सगळेच पाळतो. पण इतके कडक? कशासाठी?”

“माझ्या डोळ्यांसाठी.”

ब्लाझेय सांगू लागला. “त्या सामन्याहून घरी आलो. आई म्हणाली, कसा रे सुटला तुझ्याकडून? मी म्हणालो, दिसलाच नाही. तिने तेवढंच धरलं. पोराची नजर अधू झाली म्हणून डोळे सांभाळणाऱ्या संत लुसियाला नवस बोलली. एकतीस वर्षं झाली.”

“आणि डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं नाहीस?” व्हेंदेलिनने विचारलं.

“शंभरदा सांगितलं! डॉक्टरचा कागद नाकासमोर धरला. म्हणते, बघ, माझ्या शुक्रवारांचा गुण! आता बोल.”

एतेलाला हसू आवरेना, आणि हसता हसताच तिने ॲप्रनने डोळे टिपले. “मग खरं काय झालं होतं ते तरी सांगायचं. काय झालं होतं?”

ब्लाझेय टोपीची शिवण चाचपू लागला.

“मी उभा होतो त्याच्यापुढे,” व्हेंदेलिन म्हणाला. हे शब्द तोंडाबाहेर काढायची त्याची पहिलीच वेळ. “घाबरलो होतो. त्याला काही दिसायची सोयच नव्हती.”

एतेलाने इस्त्रीचा प्लग काढला. “म्हणजे त्या दिवशी मी डोळे उघडे ठेवायला हवे होते.” मग म्हणाली, “त्या माउलीच्या हातची बटाटा भरलेली पिरोही किती चापलीस रे तू.”

“ठाऊक आहे. पण आता सांगून काय होईल, एतेला? एवढे उपास वाया गेले असं वाटेल तिला.”

“देवाकडे गेलेलं वाया जात नाही. तिने डोळ्यांसाठी मागितलं. त्याने तुझं तोंड उघडावं म्हणून ठेवून दिलं असेल.”

ब्लाझेय उठला. त्याला अकराच्या आत स्टेडियमवर जायचं होतं. दारात तो थांबला. “दुपारच्या घंटेला ती तो कोरडा पाव घेऊन बसते. माझं ती ऐकणार नाही, तुझंच ऐकेल. त्याआधी जाशील?”

“जातो.”

“शब्द?”

“शब्द.”

तो गेला. एतेलाने नवऱ्याच्या कोटाची वरची गुंडी लावली. “मी येऊ बरोबर?”

“नको.”

बाहेर बर्फ जरा मऊ पडलं होतं. पुलावर पोस्टमन ओरडला, “पाच नंबर! रविवारी भेटू!” व्हेंदेलिनने हात वर केला. चर्चकडून वरच्या आळीला, झोफियामावशीच्या घराकडे जाणारा चढ त्याच्या गुडघ्याला कधीच मानवत नसे. घंटेला अजून वीस मिनिटं होती. कठड्याला धरून तो हळूहळू चढू लागला.