गावच्या ग्रुपवरचा धोंडुबाईचा फोटो

मी शालूबाईंचा जुना मोबाइल बोलतोय. फौजेतून सुट्टीवर आलेल्या लेकानं, ऋषिराजनं, मला कोरेगावजवळच्या त्यांच्या घरी आणलं. शालूबाईंना टाइप करता येत नसे. मला तोंडाजवळ धरून त्या बोलत. त्यांच्या बोटांचं पीठ माझ्या फटींत जाऊन बसे.

काय दिवस होते ते! दिवाळीनंतर आटपाडीकडून अर्जुना आणि त्याची बायको धोंडुबाई मेंढरं घेऊन यायची. उसाचं रान मोकळं झालं, की खतासाठी शालूबाई तिथं मेंढरं बसवून घ्यायच्या. दोघी बांधावर बसून माझ्यातून ऋषिराजशी बोलायच्या.

"मावशी, कवा आलासा?" तो विचारायचा. धोंडुबाई लाजून पदर सावरायची, जणू तो समोरच उभा आहे.

एका सकाळी गावच्या ग्रुपवर तिचाच फोटो आला. कडेवर लुगड्यात गुंडाळलेला नातू, आणि फोटोवरच खाली लिहिलेलं: 'पोरं पळवणारी टोळी. सावध राहा!'

कुणी काढला, कळलं नाही. एकानं पुढं पाठवला, म्हणून दुसऱ्यानं पाठवला. बांधावर तिच्याशी बोललेल्यांनाही आता तिचा चेहरा ओळखू येईना. ग्रुप चालवणाऱ्या नाथाजीनं लिहिलं, 'काठ्या घ्या.' लगेच इतरांचं 'आलोच', 'आलोच' सुरू झालं.

शालूबाईंनी मला उचललं. तोंडाजवळ धरलं.

"आवं, ही आपली धोंडुबाई हाय! कडंवर तिचा नातू हाय, सिद्धू. कुणाला काठी घिऊन जायचं आसंल, त्यानं आदी माझ्या दारात यावं!"

मग नाथाजीचा आवाज आला, "वैनी, चुकलं. फोटू काढून टाकतो." त्याचं ऐकून बाकीचेही मागं सरले. जितक्या झटकन पेटले होते, तितक्याच झटकन.

पण पुढच्या गावात फोटो पोचलाच होता. शालूबाई रानात पोचल्या, तर अर्जुना बिऱ्हाड घोड्यावर लादत होता. ग्रुपवरून काढला, तरी तो फोटो माझ्यात उतरलेला होता. धोंडुबाईनं मला हातात घेतलं. फोटोतल्या सिद्धूच्या गालावरून बोट फिरवलं.

"लय ग्वाड आलाय. आमच्याकडं ह्येचा एक बी फोटू न्हाई," ती म्हणाली. "बाई, ह्यो ठिवा. लिवल्यालं तेवढं पुसा."

ऋषिराजनं पुढच्या सुट्टीत ते पुसून दिलं.

मला आता वायरीला लावल्याशिवाय बोलता येत नाही. तुमच्याकडे असा कुणाचा फोटो आला, तर पुढं पाठवण्याआधी त्या माणसाला ओळखणारं कुणी आहे का, एवढं विचारा.

मेंढरं आता दुसऱ्या वाटेनं जातात. शालूबाई धोंडुबाईला फोन लावून माझ्यातून विचारतात, "आमच्या रानात कवा येताय गं?"

"बगू की, बाई," धोंडुबाई म्हणते. मग दोघी पावसाचं बोलतात.