विमलाकाकीचं पिल्लू

"आता फाडून खानारा कुत्रा आनतो का नाय बघ!" मोडलेल्या मांडवात उभा राहून धोंडीबाकाका ओरडत होता. "जो आत येल त्याची पोटरी जाग्यावर राहनार नाय!"

"आना की," वेलाखालच्या चिरडलेल्या काकड्या गोळा करता करता विमलाकाकी बोलली. "आनि पयली माझीच पोटरी द्या त्याला. दिसभर हितं मीच असते."

सोमवारची सकाळ होती. कल्याणच्या बाजारात माल न्यायला मी टेम्पो घेऊन वाडीवर गेलेलो, तर भरायला मालच नाही. आदल्या दिवशीच्या रविवारनं सगळा खाल्लेला.

धोंडीबाकाकाची वाडी खडवली स्टेशनापासून लांब नाही, भातसा नदीच्या अगदी काठावर. माती अशी गाळाची, की अनवाणी चाललं तर पाऊल गादीत रुतल्यागत वाटावं. त्या मातीत काकडी, शिराळी, भेंडी कशी येते हे कल्याणच्या बाजारात विचारा. पण वैशाख तापला, की ठाणं-कल्याण-डोंबिवलीची माणसं नदीत डुंबायला येतात. डुंबा बापडे, नदी काय आमच्या बापाची नाही. पण धड रस्ता सोडून यांना वाडीतून जायचं असतं. जाताना काकड्या तोडायच्या, येताना भेंडीच्या वाफ्यात नाचायचं, आणि कोंबडी भाजायला लाकडं कमी पडली की मांडवाचे बांबू उपटायचे. थंडीत तर विहिरीवरची मोटारच कुणीतरी उचलून नेली होती.

"हा हंगाम शेवटचा," काका बोलला. "मी वाडी सोडून देतो नि सुशांतकडं जाऊन बसतो."

काकीच्या हातातली काकडी तशीच राहिली. सुशांत म्हणजे त्यांचा मुलगा. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामाला, नि तिथंच जवळ एका खोलीत बायकोबरोबर राहतो. त्या खोलीत काकी एकदा चार दिवस राहून आली होती, आणि खिडकीतल्या कुंडीतली माती चिमटीत घेऊन बघत बसली होती म्हणे.

"कुत्रा आनूया," काकडी पाटीत टाकत ती बोलली. "पन चावनारा नको. दिसायला भ्या वाटंल, असा."

याला कारण होतं. आधीचा त्यांचा मोत्या चावरा होता. चोर आला की तो गोठ्यात जाऊन झोपायचा, पण हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आलेल्या शांताबाईची पोटरी त्यानं बरोबर धरली. सोनलचा, म्हणजे सुशांतच्या बायकोचा मामा पहिल्यांदा घरी आला, त्याचंही धोतर गेलं. मोत्या म्हातारा होऊन मेला तेव्हा गावात कुणाला फार वाईट वाटलं नाही.

पुढच्या सुट्टीला सुशांत आणि सोनल गावाला आले. सोनलनं मोबाइलवर शोधाशोध केलेलीच होती.

"आई, असे असतात कुत्रे," ती बोलली. "अंगानं हे एवढे मोठे, स्वभावानं एकदम गरीब. लोक नुसतं बघूनच पळतात. चावायची वेळच येत नाही."

"अंगानं मोठा नि नुसता वरडनारा," काकी काकाकडं बघत बोलली. "तसा एक हाय की आपल्या घरात."

काका तंबाखू मळायचा थांबला. "तू कुत्र्याचा बोल."

मग माझ्या टेम्पोतून आम्ही कुत्रा बघायला निघालो. पुढं काकी आणि मी, मागं काका, सुशांत, सोनल.

पहिला कुत्रा टिटवाळ्याच्या पलीकडं. काळा, रुंद छातीचा, मान माझ्या मांडीएवढी. पाळणाऱ्यानं त्याच्यापुढं गोणपाट टाकलं, तर त्यानं त्याच्या चिंध्या केल्या. काका खूश. "हाच! हाच पायजेल!"

काकीनं पाळणाऱ्याला एवढंच विचारलं, "याला भाकरी कोन घालतो?"

"मीच घालतो. दुसऱ्याच्या हातचं खातच नाही तो."

"हातानं घालता?"

"नाय... म्हणजे थाळी काठीनं सरकवतो जरा."

काकी टेम्पोत जाऊन बसली.

दुसरा ठाण्यात, एका बंगल्यात. हा गरीब खरा, पण अंगावर केस एवढे, की डोळे कुठं ते शोधावं लागे. थंडगार एसीत फरशीवर पसरून जीभ बाहेर काढून पडलेला. काकीनं त्याच्या केसांत हात घातला, तो मनगटापर्यंत गेला.

"अगो बाय! याला तर गोधडी घालूनच जलमाला घातलाय."

मालक प्रामाणिक माणूस. बोलला, "खरं सांगतो काकी, शेतावर नका नेऊ. लाइट गेली की मला ऑफिस सोडून याच्यासाठी घरी यावं लागतं."

"आमच्याकडं लाइट जात नाय," काका बोलला. "कधीतरी येते."

तिसरा डोंबिवलीला. सोनलला तिच्या मैत्रिणीकडून कळलेलं, की तिच्या ओळखीच्या उत्तराताईंना आपला कुत्रा चांगल्या घरी द्यायचाय. तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार उघडलं, आणि समोर वासरू उभं. पावसाळी ढगाच्या रंगाचं, पाय लांबसडक, डोकं थेट काकाच्या छातीला. काका दोन पायऱ्या खाली गेला आणि चप्पल शोधतोय असं दाखवायला लागला.

"घाबरू नका, या ना," उत्तराताई बोलल्या. "ग्रेट डेन आहे. आम्ही याला पिल्लू म्हणतो. आणलं तेव्हा ओंजळीत मावत होतं हो, मग नाव बदलायचं राहूनच गेलं."

"मंग देताय कशाला?" काकीनं सरळ विचारलं.

उत्तराताईंचा चेहरा उतरला. "सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. याला माणूस आवडलं की हा त्याच्या अंगावर रेलतो, मांडीवर बसायला बघतो. परवा प्रेमानं टेकला आणि त्या पडल्या. सोफ्यावर पडल्या म्हणून वाचल्या. पण मी याला कुणालाही देणार नाहीये. तुम्ही बांधून ठेवणार का?"

"बांदून ठेवला तर राखन कशी करल?"

"मारणार नाही ना?"

"याला मारायला शिडी लागल," काकी बोलली.

उत्तराताईंना हसू आलं. काकीनं कनवटीची भाकरी काढली, एक तुकडा पिल्लूच्या तोंडात दिला, आणि तो चावायच्या आत पुन्हा तोंडात हात घालून काढून घेतला. पिल्लूनं नुसतं बघितलं, हसतं पोर आईनं खाऊ लपवल्यावर बघतं तसं, आणि मग सगळं वजन काकीच्या कमरेवर टाकून उभं राहिलं. काकी भिंतीला टेकली म्हणून उभी राहिली.

एवढ्यात बेल वाजली. पिल्लू एकदाच भुंकलं. विहिरीत धोंडा पडल्यागत आवाज. सोनलनं दार उघडलं तर बाहेर पार्सल पडलेलं, आणि आणणारा दोन मजले खाली पोचलेला.

"नेऊया," काका बोलला. "पन नाव बदलायचा. मी शेतात उभा राहून पिल्लू पिल्लू करनार नाय."

नाव बदलायचा प्रयत्न त्यानं केला. वाघ्या म्हणून बघितलं, शेरा म्हणून बघितलं. पिल्लू ढिम्म. शेवटी काकाच बदलला.

गावात पहिल्या दिवशी निम्मं गाव बघायला लोटलं. कुणी बोललं घोडं, कुणी बोललं सरकारी खात्यातनं आणलाय. काका छाती काढून उभा. आणि तेवढ्यात काकीची शेळी शिंगं रोखून पिल्लूकडं आली. पिल्लूनं तिला बघितलं, शेपूट पायात घातली, आणि येऊन काकाच्या मागं लपलं. आता एवढं जनावर काकामागं लपणार कसं? पुढून डोकं, मागून शेपूट, मधे काका.

गाव जे हसलं!

"दोन माणसांचा जेवतो, नि शेळीला भितो," विकी बोलला. विकी म्हणजे गावातला रिक्षावाला, सगळ्या बातम्या स्टेशनापर्यंत पोचवणारा. "काका, आता याची राखन करायला एक कुत्रा आना."

काका त्या दिवशी जेवला नाही. काकी मात्र पाटाच्या पाण्यात पिल्लूला बसवून त्याच्या पाठीवर तांब्यानं पाणी ओतत होती. "शेळी काय, तिला तर मी बी भिते," ती त्याला समजावत होती.

आणि रविवार आला.

ऊन असं, की नदीकाठची वाळू भाजत होती. मी सकाळची फेरी करून वाडीवर पाणी प्यायला थांबलो होतो. ऑफिसातली असावी अशी सात-आठ जणांची टोळी गाणी लावून, कुंपणाची तार वाकवून आत शिरली. एकानं काकडी तोडली, दुसऱ्यानं बाटली वाफ्यात फेकली, तिसऱ्यानं बांबूला हात घातला. पिल्लू मांडवाखाली सावलीत झोपलेलं. माणसांचा आवाज ऐकून त्याला डोंबिवलीची आठवण आली असावी. ते उठलं. मांडवाला लोंबणाऱ्या काकड्यांना डोकं लागलं. आणि एवढी माणसं आपल्याकडं आली या आनंदात एकदा भुंकून थेट त्यांच्याकडं उधळलं.

जो बांबू उपटत होता, तो त्याच बांबूवर चढला. बांबू त्याला घेऊन खाली आला. बाकीचे कपड्यांसकट नदीत. काका हसून हसून बांधावर बसला. "आता बोलव विकीला! बोलव!"

पण एक चष्मेवाला तेवढा जागेवर उभा राहिला. "अरे, थांबा रे!" तो मित्रांना हसत ओरडला. "ग्रेट डेन आहे! आमच्या सोसायटीत आहे एक. हे काही करत नाहीत, लाडोबा असतात नुसते." आणि तो बिनधास्त खाली मांडी घालून बसला. "ये रे राजा!"

पिल्लू गेलं, वळलं, आणि अर्धं त्याच्या मांडीवर, अर्धं वाफ्यात असं पसरून बसलं.

नदीतली टोळी हळूहळू बाहेर यायला लागली. आता त्यांची भीड चेपली. "काय काका, घाबरवता का?" म्हणत एकानं पुन्हा काकडी तोडली. गाणी पुन्हा वाजायला लागली. काकाच्या मिशा खाली आल्या. गुपित फुटलं होतं.

काकी हातातलं खुरपं खोचून आली आणि चष्मेवाल्यासमोर बांधावर शांतपणे बसली.

"बरा वलखलात तुमी त्याला," ती बोलली. "चावत नाय. पन एकदा कोनाच्या मांडीवर बसला ना, का मंग आपल्या मनानंच उठतो."

चष्मेवाला हसला. मग त्यानं पाय हलवून बघितला. हलला नाही. दोन्ही हातांनी ढकललं. पिल्लूला वाटलं कुरवाळतोय. ते आणखी सैल पडलं.

"काकी, बोलवा ना याला. पायाला मुंग्या आल्यात."

"बोलवते. पन त्याला गडबड आवडत नाय. ते गाना बंद करा आधी."

गाणं बंद झालं.

"आनि काच बघितली का बिथरतो. त्या बाटल्या उचला बरा."

मित्रांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण बोलला, "कशाला उचलायच्या? काही करत नाही बोलला ना हा."

काकीनं हात पुढं केला आणि पिल्लूच्या कानामागं खाजवायला लागली. आता पिल्लूचं एक आहे, कानामागं खाजवलं की त्याला सुख होतं, आणि सुख झालं की ते घशातून गुरगुरतं. आतून, खोलवर, ट्रक चढ चढताना करतो तसं. चष्मेवाल्याच्या मांड्या थरथरायला लागल्या. हे काही त्याच्या सोसायटीतल्या कुत्र्यानं कधी केलं नसावं.

"अरे उचला!" तो किंचाळला. "उचला रे बाटल्या!"

बाटल्या उचलल्या गेल्या. मग काकी बोलली, आता मांडव बांधा. काकानं सुतळी आणून दिली. ऑफिसातली माणसं, सुतळीला गाठ मारायची माहीत नाही; काका एकेकाला शिकवत फिरला. कुणी दमून थांबला, की काकीचा हात कानामागं जायचा आणि ट्रक चढाला लागायचा. तारही सरळ झाली. वाफ्याला पाणी देऊन झालं. तोवर पिल्लू घोरायला लागलेलं, आणि चष्मेवाला उन्हानं लालबुंद होऊन आभाळाकडं बघत बसलेला.

"पिल्लू, भाकरी," काकी हळूच बोलली.

ते ताडकन उठलं. चष्मेवाल्याला उठता येईना. मित्रांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. जाताना काकीनं त्याच्या हातात चार काकड्या ठेवल्या.

मी काही कुणाला बोललो नाही. पण विकीनं ती लंगडी वरात आपल्या रिक्षातून स्टेशनला सोडली, त्यामुळं संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं. ठाण्याला जायची भाषा काकानं त्यानंतर केली नाही. उलट दुसऱ्या दिवशी पहाटेच भेंडीचं बी टाकायला वाफे ओढायला लागला.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम वाडीवर गेलो. फाटकाबाहेर दोन गाड्या उभ्या. चष्मेवाला आलेला, बायको आणि मुलीला घेऊन. लंगडत नव्हता. त्याच्यामागं आणखी माणसं, हातात मोबाइल. कुणीही तारेला हात लावत नव्हतं. पिल्लू फाटकाच्या आतून सगळ्यांकडं शेपूट हलवत होतं, आणि शेपटीचे फटके फाटकाला बसून पत्रा वाजत होता.

"आपन कुत्रा आनला का जत्रा?" काका माझ्याजवळ कुरकुरला. "मानसं येऊ नयेत म्हनून आनला, नि आता त्यांना पानी पाजा."

काकी पदर खोचत फाटकाशी गेली.

चष्मेवाला अदबीनं पुढं झाला. "काकी, नमस्कार. आत येऊ का आम्ही?"

इतक्या वर्षांत नदीवर जाणाऱ्या कुणी वाडीत शिरताना असं विचारलं नव्हतं. काकीला पानाचं सळसळणंसुद्धा बांधापलीकडून ऐकू येतं, हे मला ठाऊक आहे. पण तिनं कानामागं हात धरला.

"काय बोललात? ऐकू नाय आला."

"आत येऊ का, विचारलं," तो जरा मोठ्यानं बोलला.

"परत बोला."

त्यानं परत विचारलं. काकीनं फाटकाची कडी काढली.