अख्खं बंदर वायफायवर

सकाळपासून तिसऱ्यांदा डेल्सी टेबलाखाली शिरली, तेव्हा तिच्या गुडघ्यांनी असा काही आवाज केला की पलीकडे इंग्रजी पाठ करत बसलेली तिची मुलगी ग्लेनिशा दचकून गप्प झाली.

"मम्मी, काय मोडला गो?"

"माझा नशीब," डेल्सी खालूनच म्हणाली. "तू वाच."

तिने वायफायचा डबा बंद केला, मनात आकडे मोजले, परत चालू केला. नेटवाल्याने शिकवलेलं हे एवढंच औषध तिला येत होतं. दिवे एकेक करून हिरवे झाले. कण्हत कण्हत ती बाहेर आली, खुर्चीत बसली, आणि पडद्यावर ते मेलं गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय आपलं. घाण्याचा बैलसुद्धा कधीतरी थांबतो हो, हे काही थांबेना.

आता तुम्ही म्हणाल, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात नेट हळू चालतं यात एवढं काय? एरवी काहीच नाही. एरवी इथलं कारकुनी काम करताना डेल्सी एखादं पान उघडायला लावते, कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन येते, तोवर अर्धं उघडलेलं असतं. सरकारी कामाला तेवढं पुरतं. पण आज साडेतीन वाजता ह्याच कॉम्प्युटरवर ग्लेनिशाची मुलाखत होती, आयर्लंडच्या एका हॉस्पिटलची. नर्सिंग करून पोर तीन वर्षं कुडाळला रात्रपाळ्या करत होती आणि तिकडे जायचं म्हणून सुट्टीच्या दिवशी इंग्रजीची शिकवणी करत होती. पहिली मुलाखत झाली ती घरी, मोबाईलवर. तिसऱ्या प्रश्नाला त्या गोऱ्या बाईचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजला तो थिजलाच. एजन्सीवाल्याने हातापाया पडून दुसरी तारीख मिळवली आणि वर बजावलं, की ही दिली हेच उपकार समजा, तिसरी मिळायची नाही. त्या रात्री ग्लेनिशा जेवली नव्हती. डेल्सीलाही घास उतरला नव्हता, पण तिने जेवल्याचं सोंग केलं, आयांना ते करावंच लागतं.

म्हणून तिने चेअरमन भाईंना विचारून ऑफिसचा कॉम्प्युटर मागून घेतला. भाई माणूस दिलदार. "चेडवाचा बरा होयत तर घे गो, विचारतंस काय?" म्हणाले. आता तेच भाई दारात उभे राहून सल्ला देत होते.

"डेल्सीबाय, तो डबो वर ठेव. खाली गुदमारता तो."

डबा कपाटावर चढला. चक्र फिरतच होतं. मग डेल्सीला वाटलं, वायर. खाऱ्या हवेत इथे बिजागरीसुद्धा दोन पावसाळे टिकत नाही, वायरच्या तोंडाची काय कथा! तिने वायर उपसली, तिच्या पितळी दातांवर हिरवट गंज होता खरा, पेन्सिलच्या खोडरबराने घासघासून काढला. परत खोचली. डबा बंद, डबा चालू. ग्लेनिशा पांढऱ्या ब्लाऊजच्या काखेत रुमाल धरून बसली होती, घामाचा डाग दिसू नये म्हणून.

"देवा सायबा, शिरा पडो त्या वायफायर!" डेल्सी म्हणाली आणि टेबलावर डोकं टेकून क्षणभर तशीच राहिली. तिला झोप आली होती. खरं सांगायचं तर तिला गेली वीस वर्षं झोप आली होती. नवरा पेद्रू कुवेतला, घर, सासू, पोर आणि ही सोसायटी, सगळं एकटीच्या अंगावर. पण झोपायला आज काही मुहूर्त नव्हता. तिने नेटवाल्या कौस्तुभला फोन लावला.

कौस्तुभ जामसंड्यात कुठल्याशा दुकानासमोर खांबावर चढलेला होता. "काकी, खाली उतरतंय, मगे बगतंय," म्हणाला. उतरला, मोबाईलवर काहीतरी खुडबुडला, आणि हसायलाच लागला.

"काकी, तुमची लाईन एकदम बरी आसा. पण तुमच्या वायफायर आज अख्खा बंदर बसलेला आसा! चाळीस-पन्नास मोबाईल दिसतत. तुमी डबो बंद करून चालू करतास, तवसर ते तुमच्या आदी घुसतत."

डेल्सीने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. ऑफिसच्या ओसरीवर, भिंतीला पाठी लावून, गुडघे वर घेऊन ओळीने खलाशी बसले होते. पायरीवर बसले होते, उलट्या टाकलेल्या टोपल्यांवर बसले होते. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आणि मोबाईलात कोणाची तरी बायको, कोणाची आई, कोणाचं उघडं नागडं पोर. काल संध्याकाळी बावटा लागला, वादळी वाऱ्याचा इशारा, तेव्हापासून इथल्या आणि परगावच्या सगळ्या होड्या खाडीत येऊन दाटल्या होत्या. समुद्रात जायचं नाही म्हटल्यावर खलाशी दुसरं करणार काय? घरी फोन करणार. आणि डेल्सी बया सकाळपासून दोनदा त्यांचे पाय ओलांडून चहाला जाऊन आली होती! गंज शोधत होती वायरीत.

पासवर्ड त्यांना कसा कळला असं विचाराल, तर तो लिलावाच्या शेडमध्ये 'येथे थुंकू नये'च्या शेजारी हातभर अक्षरांत ऑईलपेंटने रंगवलेला होता. तसा सोसायटीचा ठरावच होता. आणि तो ठराव मांडला होता खुद्द डेल्सीने. दोन वर्षांमागे असाच बावटा लागला, तेव्हा नेपाळचे, कर्नाटकाकडचे खलाशी रेंजसाठी टेकडीवर भिजत उभे राहिले होते. ते बघून तिला पेद्रू आठवला होता, आणि मीटिंगमध्ये ती कधी नव्हे ती ताडकन उभी राहून म्हणाली होती, "पाणी मागला तर आपण नाय म्हणतो काय? मगे नेटाक कित्याक?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"काकी, पासवर्ड बदलू काय?" कौस्तुभ विचारत होता. "हंयसूनच करूक येता. सगळे बाहेर पडतले."

तिने ग्लेनिशाकडे पाहिलं. पोरीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. घड्याळात साडेतीनला थोडाच वेळ राहिला होता.

"बदल," डेल्सी म्हणाली, आणि त्याने सांगितलेला नवा पासवर्ड तळहातावर लिहून घेतला.

ओसरीवर इतका वेळ कोंबड्यांच्या खुराड्यासारखा कलकलाट चालला होता. तो एकदम बंद झाला. मग चुळबुळ. कोणी मोबाईल डोक्यावर धरून पायरीवर चढला, कोणी बंद करून चालू केला, कोणी नुसताच हलवून बघितला. आणि आत, टेबलावर, ते चक्र नाहीसं होऊन पडदा असा लख्ख उघडला की ग्लेनिशाने छातीवर क्रूस काढला.

तेवढ्यात दारात दिलीराम आला. महादू तांडेलाच्या होडीवरचा नेपाळी खलाशी, तिशीचा, सगळे त्याला बहादूरच म्हणत आणि तो कधी कोणाला दुरुस्त करत नसे.

"दीदी, नेट गया?"

"गया. लाईन में फॉल्ट है." खोटं बोलताना डेल्सीने उगाच टेबलावरची धूळ पुसली.

"कब आएगा? वो बेटी बाजार में आई है, उसका दाँत..."

"आधा-पाऊण घंटा लगेगा. बोला ना! बैठो जाके."

तो बसला. दारातल्याच पायरीवर, पाठ तिच्याकडे करून. डेल्सीने दार लोटून घेतलं, पण गरमीने ग्लेनिशा शिजून निघाली असती म्हणून वीतभर फट ठेवली आणि त्या फटीत स्वतः पाठ लावून उभी राहिली.

मुलाखत सुरू झाली. गोरी बाई इतकी स्वच्छ दिसत होती की तिच्या कानातले खडेसुद्धा मोजता आले असते. ग्लेनिशा पहिल्या वाक्याला अडखळली, मग लागली बोलायला. रात्रपाळीतला कुठला तरी म्हातारा, त्याला श्वास लागला, डॉक्टर येईपर्यंत तिने काय काय केलं. डेल्सीला निम्मंच समजत होतं, पण पोरीचा आवाज समजत होता. हा आवाज घरात कधी ऐकू आला नव्हता.

फटीतून दिलीरामच्या खांद्यावरून त्याचा मोबाईल दिसत होता. त्यावर एक लहान मुलगी थिजलेली, तोंड आ करून, बोट ओठाला लावून काहीतरी दाखवत असलेली. पुढचा एक दात नव्हता. दिलीराम त्या चित्राकडे बघत बसला होता, जणू बघत राहिलं तर ती हलेल.

एका फोनने काय होणार होतं? त्याचा मोबाईल हातात घेऊन नवा पासवर्ड घातला असता, तर कोणाला कळलंही नसतं. डेल्सीला हे नीट कळत होतं. पण कळलं असतं तर? शेजारच्याने बघितलं असतं, मग त्याच्या शेजारच्याने. आणि गोऱ्या बाईचं तोंड परत उघडं राहिलं असतं. नको रे बाबा. ती जागची हलली नाही. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरीही ती हलली नाही.

"थँक यू, थँक यू सो मच," ग्लेनिशा म्हणाली, तेव्हा डेल्सीने पहिली गोष्ट केली ती ही, की दार उघडून दिलीरामच्या हातातून मोबाईल ओढून घेतला आणि नवा पासवर्ड घातला. "लगाव, लगाव जल्दी."

त्याने लावला. वाजत राहिला. परत लावला. मग खिशात टाकला.

"गाँव ऊपर है, दीदी. उधर टावर नहीं. शनिवार को ही नीचे आती है, दादा के साथ. अभी चढ़ने लगी होगी." तो चक्क हसला. "कोई बात नहीं. अगले शनिवार."

शिवी दिली असती तर डेल्सीला बरं वाटलं असतं.

"मम्मी!" मागून ग्लेनिशाने तिला गच्च मिठी मारली. "घेतल्यानी माका! थंयच सांगल्यानी तोंडार. दोन म्हयन्यांत जावचा!"

आनंद झाला नाही असं कोण म्हणेल? डेल्सीने तिचे गाल कुरवाळले, मुके घेतले, भाईंना हाक मारून सांगितलं, पेढे आणते म्हणाली. एवढ्या वर्षांचा शिणवटा असा एका घटकेत उतरतो असं तिला वाटलं. आणि मग ग्लेनिशा श्वास न घेता बोलत राहिली. खोली तेच देणार, पयली दोन वर्षां घराक येवक रजा मेळाची नाय, मगे महिनोभर.

दोन वर्षं. पेद्रूलाही पहिल्यांदा दोनच म्हटलं होतं.

"थंय नेट कसा आसा गो?" डेल्सीने विचारलं. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

ग्लेनिशा खळखळून हसली. "थंय काय मम्मी, थंय एकदम फास्ट! प्रश्न हंयचोच आसा."

"होय तर," डेल्सी म्हणाली.

ग्लेनिशा बापाला कळवायला आत पळाली. डेल्सी दारातल्या पायरीवरच बसली, आणि डोळ्यांतून यायला लागलं ते तिने पुसलंही नाही. दिलीराम थोडा सरकला आणि तिला जागा करून दिली.