घारीचं आमिष

दुकानात तिला सगळे घार म्हणत, आणि तिला ते आवडायचं. कपड्यांपासून अत्तरापर्यंत सगळं विकणारं ते मोठं, मजल्यावर मजले चढवलेलं दुकान. साध्या कपड्यांत, गिऱ्हाईक बनून दिवसभर हिंडायचं आणि चोर ओळखायचे, हे घारीचं काम. खरं गिऱ्हाईक वस्तूकडे बघतं, चोर माणसांकडे बघतो, असं ती नव्या पोरींना शिकवायची. चोर सापडला तरी कधी आरडाओरडा नाही. हळूच दंडाला हात लावायचा आणि म्हणायचं, "मॅडम, जरा आत येता का?" भल्याभल्यांची बोबडी तिथेच वळायची.

ज्याच्यावर संशय आहे पण पुरावा नाही, अशासाठी तिच्याकडे एक हुकमी डाव होता. आमिष. अत्तराची एखादी बाटली खोक्याबाहेर काढून, कुणीतरी विसरल्यासारखी काउंटरच्या कडेला ठेवायची आणि आपण लांब जाऊन स्वेटर बघत उभं राहायचं. माणूस एकतर ती बाटली खिशात घालतो, नाहीतर काउंटरवर नेऊन देतो. तिसरं काही करत नाही. निदान घारीने तरी तिसरं काही करणारा पाहिला नव्हता.

आता अशी बाई घरी आल्यावर डोळे काय काढून ठेवते? तिच्या घरी कुणी दोनदा शिंकलं तरी चौकशी व्हायची. घरात माणसं तीनच. ती, तिचा धाकटा भाऊ आणि भावाची मुलगी ठमी. ठमी चार वर्षांची असताना तिची आई एका दुपारी घर सोडून गेली ती गेलीच. भाऊ तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसला होता. घारीने आपलं बिऱ्हाड उचललं, इथे भावाकडे आणलं आणि पोरीच्या वेण्या घालायला लागली. तेव्हापासून वेण्या, डबे, ताप, शाळा, रुसवेफुगवे, सगळं तिचंच. पोटची नव्हती एवढंच काय ते कमी. आणि ते कमी आहे हे घार कधीच विसरली नव्हती. मूल कितीही आपलं म्हटलं तरी त्याचा खरा मालक कुठेतरी जिवंत आहे, ही धास्ती तिने कुणाला बोलून दाखवली नाही इतकंच.

बरं, तो मालक कुठे आहे हेही तिच्या कानावर आलं होतं. लांबच्या एका नात्यातल्या माणसाने ठमीच्या आईला परदेशात पाहिलं होतं, समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात. तिकडे सगळे स्पॅनिश बोलतात, असं तो म्हणाला होता. घारीने ती बातमी ऐकली, गिळली आणि वर पाणी प्यायली. भावाला सांगितली नाही, ठमीला तर नाहीच नाही.

म्हणून जेव्हा ठमीने हायस्कूलात तीन भाषांमधून नेमकी स्पॅनिशच उचलली, तेव्हा घारीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"हीच का गं?" तिने विचारलं.

"त्या बाई वर्गात गाणी म्हणायला लावतात," ठमी म्हणाली. "बाकीच्या दोघी नुसत्या झोपवतात."

गाणी म्हणे! घारीला ते पटलं नाही. फार सरळ उत्तर होतं, आणि फार सरळ उत्तरं ऐकून तिचे कान टवकारायचे.

पुढे सुट्टीत शाळेची सहल निघाली. सहल म्हणजे फिरायला नव्हे. मुलांनी जिथे स्पॅनिश बोलतात अशा समुद्राकाठच्या एका गावी जायचं, तिथल्या एकेका कुटुंबात राहायचं, सकाळी शिकवणीला जायचं आणि सुट्टीभर दुसरी भाषा तोंडातून काढायची नाही. गाणीवाल्या बाई स्वतः बरोबर जाणार होत्या. पालकांच्या सभेत त्यांनी सांगितलं की घरच्यांशी रविवारी फोनवर बोलता येईल, पण तेही स्पॅनिशमध्येच.

घारीने हात वर केला. "आम्हाला कुठे येतं स्पॅनिश?"

"तुम्ही आपल्या भाषेत बोला. मुलं उत्तर त्या भाषेत देतील. आवाज ऐकला की कळतं हो सगळं."

"आणि पोर आजारी पडली तर?"

"मग दुखणंही स्पॅनिशमध्ये सांगेल," बाई हसून म्हणाल्या. मग घारीचा चेहरा बघून हसणं आवरत त्यांनी फळ्यावर एक नंबर लिहिला. घरी खरंच काही गंभीर घडलं तर त्या नंबरवर फोन करायचा. तेव्हा मुलांना आपल्या भाषेत बोलायची मोकळीक.

आईबापांना कळू नये अशा भाषेत मुलांनी बोलायचं, आणि वर त्याला शिक्षण म्हणायचं! घार घरी येईपर्यंत धुमसत होती. पण भावाने संमतीची सही आधीच करून टाकली होती. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. जगाला स्वच्छ दिसावं म्हणून हा काचा घासतो आणि याला स्वतःच्या घरातलं दिसत नाही, असं घार नेहमी म्हणायची. तेव्हाही म्हणाली. तो फक्त म्हणाला, "जाऊ दे गं ताई, पोरीला हौस आहे."

ठमी गेली. पहिल्या रविवारी फोनच्या पडद्यावर तिचं तोंड दिसलं आणि तिने जे सुरू केलं ते घारीला एका अक्षरानेही कळलं नाही. घारीने दुसऱ्या फोनवर भाषांतराचं यंत्र लावून ठेवलं होतं. ते म्हणालं, "मी उत्तम आहे. घराची स्त्री मोठे हृदय ठेवते. मासा रोज आहे." भाऊ खोखो हसला. घार हसली नाही, कारण ती शब्दांकडे बघतच नव्हती, डोळ्यांकडे बघत होती. प्रत्येक उत्तर देण्याआधी ठमी पडद्याबाहेर डावीकडे नजर टाकत होती.

"तिथे कुणीतरी बसलंय," फोन ठेवल्यावर ती म्हणाली.

"असेल. घर आहे ते लोकांचं."

"खरं गिऱ्हाईक वस्तूकडे बघतं," घार म्हणाली. भावाने जांभई दिली.

पुढच्या रविवारी जे झालं त्याने तिची झोपच उडाली. ठमी बोलत असताना डावीकडून एक बाईचा हात आला. त्या हाताने पोरीच्या कपाळावर आलेली बट उचलली आणि कानामागे नीट बसवली. ठमी दचकली नाही. उलट मान जराशी त्या हाताकडे कलली. हे सगळं क्षणात झालं आणि पोर पुढे काहीबाही बोलत राहिली.

परक्या बाईचा हात केसांना लागला की माणूस मान ताठ करतो, हे घारीला पक्कं माहीत होतं. ती बट रोज सकाळी कुणाच्या हाताने कानामागे जायची हेही तिला माहीत होतं.

"पाहिलंस?" तिने भावाला विचारलं.

"काय?"

"तुला सांगून काय उपयोग म्हणा!"

आठवडाभर तिचं कामात लक्ष लागेना. एक माणूस तिच्या नाकासमोरून दोन पट्टे कमरेला बांधून निघून गेला. तिच्या मनात सगळा हिशेब जुळत चालला होता. भाषा का निवडली, समुद्राकाठचं गाव कसं निघालं, मासे रोज कसे, आणि फोनवर आपल्या भाषेत बोलायचं नाही म्हणजे चुकून काही निसटायचीही भीती नाही. पोरीने आईला शोधून काढलं होतं. कदाचित आईनेच पोरीला शोधलं असेल. मग सुट्टी संपल्यावर पोर येईल, बॅग ठेवेल आणि म्हणेल, आत्या, मी तिकडेच राहायला जाते. तेव्हा घार कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होती? तिचा हक्क काय? घास तोंडात घोळत राही. संताप तर होताच, पण त्याच्या खाली नुसती भीती होती, आणि ती घारीलाही कळत होती.

पुरावा मात्र नव्हता. मग तिने तेच केलं जे तिला उत्तम जमायचं.

जेवणाच्या सुट्टीत ती कॅमेऱ्यांच्या पडद्यांची खोली होती तिथे गेली. आतल्या माणसाला चहाला पाठवलं, दार लावलं आणि फळ्यावरचा तो नंबर फिरवला. तिकडे सकाळ होती. बाईंनी उचलला. घरी काहीतरी गंभीर आहे, एवढंच घार म्हणाली. बाई घाबरल्या. मी ठमीच्याच घरात उतरलेय, आत्ता देते, म्हणाल्या. मागे भांड्यांचा आवाज, बऱ्याच माणसांचं बोलणं. सगळं घर न्याहारीला बसलेलं असावं.

"आत्या? काय झालं? बाबा बरा आहे ना?" ठमीचा आवाज आला, आपल्या भाषेत. इतक्या दिवसांनी तिचं बोलणं घारीला समजत होतं, तरी तिने आपली बाटली काउंटरच्या कडेला ठेवली.

"बाबा ठणठणीत आहे. ठमे, नीट ऐक. तुझी आई आलीय. इथे, आपल्या घरी."

आता पोर एकतर चटकन म्हणेल की कसं शक्य आहे, आणि मग जीभ चावेल. म्हणजे सापडली. नाहीतर थंडपणे म्हणेल, बरं मग? म्हणजे सुटली. घार कान देऊन उभी राहिली. पोर सुटावी अशीच तिची मनापासून इच्छा होती.

 पलीकडून एकदम श्वास आत ओढल्याचा आवाज, आणि ठमी फोन सोडून मागे वळून स्पॅनिशमध्ये काहीतरी ओरडली. खुर्च्या सरकल्या. एक बाई मोठ्याने काहीतरी म्हणाली, कुणी टाळ्या वाजवल्या, एक म्हातारा आवाज पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणत राहिला.

"आत्या! आत्या, आहेस ना? यांना आईचं सगळं सांगितलंय मी, इथे सगळे रडायलाच लागलेत गं. या घरची आई मला मिठी मारतेय, म्हणून नीट बोलता येत नाहीये. बाई पण रडतायत. त्या रविवारी फोनच्या वेळी बाजूला बसून माझ्या चुका मोजतात आणि आता बघ!" ती हसत होती आणि रडत होती. "खरंच आली? कशी दिसते? तिला जाऊ देऊ नकोस हां. माझ्या खोलीत झोपू दे. तिला सांग, मी रागावलेली नाही. अजिबात नाही."

 बाटली पाहून ती खिशात घालणारी माणसं तिने पाहिली होती, परत करणारी पाहिली होती. ही बाटली आपल्यासाठीच कुणीतरी ठेवलीय असं समजून ती उराशी धरणारं कुणी असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि घारीला आता हेही दिसलं की इतकी वर्षं ही पोर कुणाची तरी वाट बघत होती आणि घरात तिने त्याचा ब्रसुद्धा काढला नव्हता. आत्याला लागेल म्हणून.

"आणि आत्या," ठमी आवाज खाली आणून म्हणाली, "तू भांडू नकोस तिच्याशी. आणि तू कुठे जाऊ नकोस हां. ती आली म्हणून तू आपल्या घरी परत जायचं नाहीस. मी आधीच सांगून ठेवते."

घार खुर्चीवर बसली. फोन ठेवून द्यावा, रेंज गेली म्हणावं, भावाला सांगायला लावावं, हे सगळं मनात येऊन गेलं. पण जितका वेळ ती गप्प राहील तितकी ती पोर तिकडे जास्त आनंदणार होती.

"ठमे," ती म्हणाली. "कुणी आलेलं नाही."

"म्हणजे? गेली?"

"आलीच नव्हती. मी खोटं बोलले."

पलीकडे टाळ्या अजून चालू होत्या. कुणीतरी गाणंही धरलं होतं.

"का?" ठमीने विचारलं.

"मला वाटलं, तू तिच्याकडेच गेलीयस. तो हात पाहिला मी. तुझे केस मागे करणारा."

"तो या घरच्या आईचा हात आहे, आत्या. तू करतेस तसे केस मागे करत जा, असं मीच त्यांना शिकवलं होतं. मला घरची आठवण यायची म्हणून."

घारीला काहीतरी बोलायचं होतं. चुकले म्हणायचं होतं.  समोरच्या पडद्यांवर दुकानातली माणसं शांतपणे कपडे उचलून बघत होती, परत ठेवत होती.

मागचं गाणं थांबलं. एक बाई मायेने काहीतरी विचारत होती.

"त्या विचारतायत, आई काय म्हणाली," ठमी हळूच म्हणाली. "खोटं बोलणं याला इथे काय म्हणतात ते मला येतं, आत्या. पण तू माझी कोण आहेस, मला कसं वाढवलंस ते मी पहिल्या दिवसापासून यांना सांगत आलेय. आता हे कसं सांगू?"